गुण बांधीव प्रतीला, मग खर्डा कोण वाचणार?

मार्च-एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात हे दृश्य दिसतं. एम.ए.चा विद्यार्थी टाइप करणाऱ्याच्या शेजारी स्टुलावर बसून स्वतःचाच लघुप्रबंध पहिल्या पानापासून वाचत असतो, आणि तो असा सलग वाचायची त्याची ही पहिलीच वेळ असते. तिसऱ्या प्रकरणातला तक्ता चौथ्यात पुन्हा आलाय, प्रस्तावनेत उद्दिष्टं पाच आणि शेवटी निष्कर्ष तीनच उद्दिष्टांचे, हे त्याला तिथे कळतं. पण उद्या शेवटची तारीख असते. काळ्या रेक्झिनची बांधणी आणि वरची सोनेरी अक्षरं संध्याकाळपर्यंत हवी असतात. चूक दिसते, ती दुरुस्त करायला वेळ उरलेला नसतो.

आता हे चित्र पदवीच्या वर्गापर्यंत येणार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. त्यातल्या संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. प्रात्यक्षिकाचा ३० तासांना एक श्रेयांक हा हिशोब लावला तर ३६० तासांचं काम. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झालं, म्हणजे त्यांची पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला पोचेल. या मुलांकडून आपण ५०-६० पानांचं सलग लेखन मागणार आहोत, आणि तोपर्यंत त्यांनी एका बैठकीत लिहिलेलं सर्वांत मोठं उत्तर बहुधा ४०० शब्दांचं असेल.

माझं म्हणणं सरळ आहे. लांब शैक्षणिक लेखन हे वेगळं कसब आहे, ते खर्ड्यांतून येतं, आणि आपल्याकडे खर्ड्याला गुणही नाहीत आणि तो वाचण्याचे तासही नाहीत. हे दोन्ही दिल्याशिवाय १२ श्रेयांकांचा प्रकल्प म्हणजे रेक्झिन विकणाऱ्यांची सोय होईल.

मुलांना लिहिता येत नाही अशी तक्रार करण्याआधी आपण त्यांना काय शिकवलं ते बघावं. तीन तासांच्या पेपरात प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो. उत्तराचे मुद्दे ठरलेले असतात, ते अधोरेखित केले की तपासणाऱ्याला सापडतात. लिहिलेलं परत वाचून बदलायचं, ही कल्पनाच त्या पद्धतीत बसत नाही. प्रबंधात या तिन्ही गोष्टी उलट्या होतात. प्रश्न स्वतः काढायचा, मुद्दे शोधायचे, आणि लिहिलेलं चार वेळा मोडायचं. परीक्षेत ७५ टक्के मिळवलेला मुलगा यात चांगला असेलच असं मानायला काही आधार नाही. तो पहिल्या पद्धतीत तरबेज आहे, एवढंच त्या टक्क्यांवरून कळतं.

सुरुवातीलाच बिघडतं ते विषयाच्या नावात. ‘ग्रामीण महाराष्ट्रातील आठवडे बाजार: एक चिकित्सक अभ्यास’ असं शीर्षक मान्य होऊन येतं. यात प्रश्न कुठेच नाही, त्यामुळे काय वाचायचं आणि काय सोडायचं हे ठरत नाही. मग विद्यार्थी सापडेल ते गोळा करतो. याच विषयाचा प्रश्न असा करता येतो: अमुक तालुक्याच्या गावच्या बाजारात बसायच्या जागा कशा वाटल्या जातात, आणि स्वतःची भाजी विकायला येणाऱ्या बायकांच्या वाट्याला कोणती जागा येते? आता कामाला दिशा मिळते. बाजाराचा हाताने काढलेला नकाशा लागेल. चार-पाच बाजारांच्या दिवशी ठरलेल्या वेळी मोजणी लागेल. विक्रेत्यांशी आणि बाजारकर वसूल करणाऱ्या ठेकेदाराशी बोलावं लागेल. ग्रामपंचायतीकडची लिलावाची फाईल पाहावी लागेल, आणि ती सहज दाखवली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा लागेल. त्या उत्तराची मुदत ३० दिवस आहे, म्हणून तो अर्ज डिसेंबरात करून चालत नाही, ऑगस्टमध्ये जायला हवा. त्या भागात बाजाराची परंपरा किती जुनी हे पाहायला १८८०च्या दशकातली मुंबई इलाख्याची गॅझेटिअर आहेत. २०११च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाच्या सोयींमध्ये आठवडे बाजाराची नोंद आहे. ही साधनं फुकट मिळतात आणि पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहेत.

‘गेल्या दहा वर्षांत ही वाटणी कशी बदलली’ असं प्रश्नाला जोडायचा मोह होतो. जोडण्याआधी दहा वर्षांपूर्वीची नोंद कुठे मिळेल हे बघायचं. ती मिळणार नसेल तर ‘बदलली’ हा शब्द काढून टाकायचा. लोकांच्या आठवणीवर बदल सिद्ध करणं फार अवघड असतं, आणि अर्धे लघुप्रबंध याच एका क्रियापदापायी पोकळ होतात. प्रश्नातल्या प्रत्येक शब्दाला कुठला पुरावा लागेल हे मार्गदर्शकाने विद्यार्थ्याबरोबर बसून तपासलं, तर तासाभराचं काम आहे. त्या एका तासाने पुढचे तीन महिने वाचतात.

आता नोंद. विद्यार्थ्याच्या वहीत साधारण असं सापडतं: ‘बाजारात महिलांची संख्या लक्षणीय.’ सहा महिन्यांनी या ओळीतून काहीच लिहिता येत नाही. तीच नोंद समजा अशी घेतली: ‘मंगळवार, सकाळी ९ ते १०, दक्षिण टोक, रस्त्याची बाजू. विक्रेते ३१, पैकी बायका १९. ताडपत्रीखालच्या जागा ७, त्यांतली बाईकडे १. उरलेले सगळे उघड्यावर. पाऊस नव्हता.’ शेवटचे दोन शब्दही मोलाचे आहेत, कारण पावसात हे चित्र वेगळं असू शकतं. पहिल्या नोंदीतून वाक्य तयार होतं ते असं: ‘महिला विक्रेत्यांचे प्रमाण लक्षणीय असून त्यांना विविध समस्यांना सामोरे जावे लागते.’ लक्षणीय म्हणजे किती, विविध म्हणजे कोणत्या, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं. दुसऱ्या नोंदीतून येणारं वाक्य: ‘दक्षिण टोकाच्या ३१ विक्रेत्यांपैकी १९ बायका होत्या. ताडपत्रीखालच्या ७ जागांपैकी मात्र एकच बाईकडे होती.’ या दोन वाक्यांनंतर ‘असं का?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो आणि पुढचा परिच्छेद त्याचं उत्तर शोधायला निघतो. लांब लेखन पुढे सरकतं ते असं.

इथे एक खाचखळगा आहे. चार मंगळवारांची मोजणी केली की मुलं बेरीज करतात आणि ‘१२० विक्रेत्यांचा अभ्यास’ लिहून मोकळी होतात. विक्रेते तेच तेच असतात. प्रत्येक दिवसाचा आकडा वेगळा ठेवायचा आणि फरक पडला तर का पडला हे सांगायचं.

शंभर प्रश्नावल्यांबद्दल थोडक्यातच. ओळखीच्या शंभर जणांकडून हो-नाही भरून घ्यायचं, त्याचे रंगीत वर्तुळालेख काढायचे आणि प्रत्येकाखाली ‘वरील आलेखावरून असे दिसते की’ म्हणून तेच आकडे शब्दांत लिहायचे, ही रीत इतकी रुळलीय की तिलाच संशोधन म्हणतात. त्यात नमुना कसा निवडला हे नसतं आणि आकड्याचा अर्थही नसतो. नीट घेतलेल्या वीस मुलाखती त्याहून जास्त सांगतात.

लांबीचं अंदाजपत्रक आधी मांडायला हवं, घर बांधताना मांडतात तसं. १०,००० शब्दांचा लघुप्रबंध असेल तर प्रश्न आणि त्याचं महत्त्व १,०००, आधी झालेलं संशोधन १,५००, जागा आणि पद्धत १,२००, विश्लेषणाचे तीन भाग प्रत्येकी १,८०० आणि निष्कर्ष ९००. हे आकडे इकडेतिकडे होतील, पण निम्म्याहून जास्त शब्द विद्यार्थ्याने स्वतः शोधलेल्या गोष्टीला मिळालेच पाहिजेत. प्रत्यक्षात दिसतं ते उलट. ‘अभ्यासक्षेत्राचा परिचय’ या प्रकरणात तालुक्याचा इतिहास, पर्जन्यमान, मृदा, देवस्थानं, एकूण लोकसंख्या असं सगळं येतं आणि त्यातलं काहीही पुढे वापरलं जात नाही. १,८०० शब्दांचा एक भाग म्हणजे १०-१२ परिच्छेद. एवढा तुकडा एका आठवड्यात लिहिता येतो, त्याची भीती वाटत नाही. लिहायला सुरुवातही मधल्या भागापासून करावी. प्रस्तावना पहिल्यांदा लिहायला बसलं की आपण काय सिद्ध करणार आहोत हे ठाऊक नसतं, म्हणून ती मानवाच्या उत्क्रांतीपासून सुरू होते.

आधीच्या संशोधनाचा आढावा हा सगळ्यात कंटाळवाणा भाग होतो, कारण तो यादी म्हणून लिहिला जातो. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातून प्रबंध काढायचे, प्रत्येकाला एक परिच्छेद, सुरुवात ‘डॉ. अमुक यांनी आपल्या संशोधनात’. पंधरा परिच्छेद झाले तरी हे पंधरा जण एकमेकांशी बोलतच नाहीत. आढावा मुद्द्यांभोवती बांधायचा. बाजारातल्या जागेबद्दल कोण काय म्हणतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणी ही गोष्ट तपासलीच नाही. पदवीच्या कामाला १२ ते १५ साधनं पुष्कळ झाली, पण ती खरोखर वाचलेली हवीत. नोंद घेताना पान क्रमांक त्याच वेळी लिहायचा. नंतर शोधू म्हटलेला पान क्रमांक सापडत नाही, आणि मग तळटीप अंदाजाने भरली जाते. अप्रामाणिकपणाची सुरुवात बहुतेक वेळा इतक्या साध्या आळसातून होते.

प्रामाणिकपणाचा प्रश्न आपण टक्केवारीवर नेऊन ठेवला आहे. आयोगाच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८च्या विनियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळलं तर विद्यार्थ्याला सुधारित प्रत द्यावी लागते, त्यापुढे शिक्षा वाढत जाते आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांची नावं, प्रचलित संज्ञा यांना त्यातून सूट आहे. नियम वाईट नाहीत. वर्गात पोचतं ते मात्र एकच वाक्य: ‘दहाच्या खाली आण.’ मग विद्यार्थी शब्द बदलायला बसतो. ‘आठवडे बाजार’चं ‘कृषी बाजारपेठ’ होतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कृषी उत्पन्न बाजार समितीचं आवार उभं राहतं, जिथली व्यवस्था आणि कायदा दोन्ही वेगळे. साम्य कमी झालं, अर्थ मेला. दुसरी वाट म्हणजे इंग्रजी लेख यंत्राने मराठीत आणायचा. जुळणी सापडत नाही, टक्केवारी चोख येते, आणि ती चोरीच असते. तिसरी गोष्ट बऱ्याच परीक्षकांच्या ध्यानात येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तपासणीच्या सॉफ्टवेअरला मराठी म्हणून वाचताच येत नाही, कारण त्या अक्षरांमागचे संकेत रोमन लिपीचे असतात. अशा प्रबंधाला शून्याच्या जवळचं साम्य दाखवणारं प्रमाणपत्र मिळालं तर ते निरर्थक आहे. मराठीतली प्रत युनिकोडमध्येच घ्यायची, हा एक ओळीचा नियम प्रत्येक विद्यापीठाने आजच करायला हवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी हा टक्केवारीचा खेळ पुरता संपवला आहे. त्यांचं लेखन सहसा कुठल्याच जुन्या मजकुराशी जुळत नाही, आणि ती कधीकधी न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांचे संदर्भही देतात. याला दुसरं सॉफ्टवेअर हा उपाय नाही. तोंडी परीक्षेत संदर्भांपैकी कोणतेही तीन निवडावेत आणि विद्यार्थ्याला म्हणावं, ते पान काढून दाखव आणि त्यातलं तू काय घेतलंस ते सांग. मंगळवारच्या मोजणीची वही मागावी. ज्याने काम केलंय त्याला हे दोन मिनिटांत जमतं.

मराठीतून लिहिण्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपली बहुतेक मुलं मराठीत विचार करतात आणि त्यांच्यापुढची निम्मी साधनं इंग्रजीत असतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा अभिमान योग्यच आहे. त्याचबरोबर मराठीतून शास्त्रशुद्ध लिहायला शिकवण्याची जबाबदारीही आली. इंग्रजी लेख वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि नोंद मराठीत, स्वतःच्या शब्दांत करायची. पुस्तक उघडं ठेवून केलेली नोंद भाषांतर होते आणि वाक्यरचना इंग्रजीचीच राहते. २०-३० संज्ञांचा एक तक्ता पहिल्याच महिन्यात करावा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही इंटरनेटवर खुले आहेत. ‘असंघटित क्षेत्र’ म्हणायचं की ‘अनौपचारिक क्षेत्र’, हे एकदा ठरवायचं आणि शेवटपर्यंत तोच शब्द ठेवायचा. शाळेतल्या निबंधात पुनरुक्ती टाळायला शिकवलेलं असतं, त्यामुळे मुलं एकाच पानावर ‘विक्रेत्या’, ‘व्यावसायिक महिला’ आणि ‘स्त्री उद्योजक’ लिहितात. वाचणाऱ्याला वाटतं, या तीन वेगळ्या गटांतल्या बायका आहेत. संज्ञा पुन्हा पुन्हा तीच येणं हा शैक्षणिक लेखनात गुण आहे, आणि हे कोणीतरी वर्गात मोठ्याने सांगायला हवं.

‘सगळ्यांना कुठे संशोधक व्हायचंय?’ हा आक्षेप नेहमी येतो. नसेल व्हायचं. पण जिल्हा परिषदेत, संस्थेत, वर्तमानपत्रात वीस पानांचा अहवाल लिहिणाऱ्याला हेच कसब लागतं. दुसरा आक्षेप खरा आहे: हे सगळं वाचायचं कोणी? महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या कितीतरी जागा रिकाम्या आहेत आणि बरंच शिकवणं तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चाललंय. त्यांना वर्गावरच्या तासाचे पैसे मिळतात. खर्डा वाचणं हा तास धरला जात नाही. म्हणजे ज्या कामाने विद्यार्थी लिहायला शिकतो, नेमकं तेच काम आपण फुकटात मागतो.

हिशोब करून पाहावा. एका मार्गदर्शकाकडे आठ विद्यार्थी आहेत. सगळ्यांचं लेखन एकदम शेवटी आलं तर ८०,००० शब्द, म्हणजे अडीचशे पानांचं पुस्तक, आणि तेही उत्तरपत्रिका तपासायच्या आठवड्यांत. दिलेल्या सूचना अमलात आणायला तेव्हा दिवसच नसतात. त्याऐवजी दर पंधरवड्याला प्रत्येकाची दोनच पानं वाचली आणि प्रत्येकी वीस मिनिटं दिली, तर पंधरवड्याला तीन तासांपेक्षा कमी लागतात. हे तास कार्यभारात मोजले गेले पाहिजेत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकासाठीसुद्धा. वाचताना लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायला आधी बसू नये. तीन प्रश्न विचारावेत: या पानाचं म्हणणं काय, त्याला पुरावा कोणता, आणि मूळ प्रश्नाशी याचा संबंध काय. पुढच्या पंधरवड्यात विद्यार्थी एक सोपं काम करून आणेल. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात त्याचं म्हणणं एका ओळीत लिहायचं. ज्या परिच्छेदापुढे ओळ सुचत नाही तो काढायचा, दोन परिच्छेदांपुढे एकच ओळ आली तर ते एकत्र करायचे, आणि नुसत्या ओळी सलग वाचून युक्तिवाद पुढे जातो का ते बघायचं. डीटीपीच्या दुकानात जे उशिरा कळतं, ते यात चार महिने आधी कळतं.

गुणांची वाटणीही त्यानुसार बदलावी. १०० पैकी १० प्रश्न आणि आराखड्याला, १५ नोंदवहीला, १५ पहिल्या खर्ड्याला, २० दुसऱ्या खर्ड्याला आणि त्यात काय बदललं याच्या एक पानी निवेदनाला, आणि उरलेले ४० अंतिम प्रत व तोंडी परीक्षेला. पहिला खर्डा चांगला असण्याचे गुण द्यायचे नाहीत, तो वेळेवर आणि पूर्ण आल्याचे द्यायचे. कच्चं लिहिण्याची भीती त्याशिवाय जात नाही. अंतर्गत गुणांची खैरात होते ही शंका रास्त आहे. म्हणून दोन्ही खर्डे तारखेसह जपून ठेवावेत आणि बाहेरच्या परीक्षकासमोर अंतिम प्रतीबरोबर ठेवावेत. दोन्ही खर्डे शब्दशः सारखे असतील तर ते त्याला लगेच दिसेल.

चौथ्या वर्षाची वाटही बघायची गरज नाही. दुसऱ्या सत्रात एका लेखावर ६०० शब्दांचं टिपण, चौथ्यात तीन साधनांची तुलना करणारे १,५०० शब्द, सहाव्यात दोन खर्ड्यांसह ३,००० शब्दांचा निबंध, अशा पायऱ्या चढलेल्या मुलाला १०,००० शब्द डोंगर वाटणार नाहीत. पहिल्या तुकडीच्या खालच्या पायऱ्या हुकल्या आहेत. तिचं पाचवं आणि सहावं सत्र २०२६-२७ मध्ये येतं. तिथे ३,००० शब्दांचा एक निबंध बसवायला नवा विषय लागत नाही. चालू विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनातली एक चाचणी काढून त्या जागी तो ठेवता येतो, आणि एवढा बदल अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत होऊ शकतो.